प्रश्न पुरता विचारून झाला आहे का? विज्ञानकादंबऱ्यांचे खुले शेवट आणि त्यांचे पुढचे भाग

दूरस्थ (धागाकर्ती)

विज्ञानकादंबऱ्यांच्या शेवटांविषयी बरेच दिवस मनात साचत आलेले येथे मांडते आहे. चर्चेच्या ओघात अनेक पुस्तकांचे शेवट उघड होणार आहेत, त्यामुळे ज्यांना रसभंग नको असेल त्यांनी कृपया येथूनच परत फिरावे.

निमित्त झाले ते आर्थर सी. क्लार्क यांच्या 'राँदेव्हू विथ रामा' या १९७३ सालच्या कादंबरीच्या पुनर्वाचनाचे. सूर्यमालेत बाहेरून एक प्रचंड पोकळ दंडगोल शिरतो. त्याची लांबी ५० किलोमीटर आणि व्यास २० किलोमीटर. अंतराळयानाचा कप्तान नॉर्टन आणि त्याचे सहकारी त्याच्या आत जातात, काळोखात मैलोनमैल पायऱ्या उतरतात, आतला गोठलेला समुद्र वितळताना पाहतात, यंत्र म्हणावे की प्राणी असा प्रश्न पडावा अशा हलत्या वस्तूंना सामोरे जातात, आणि अखेरीस रामा सूर्याजवळून वळण घेऊन, माणसांची दखलही न घेता, आपल्या वाटेने निघून जातो. तो कोणी बांधला, कशासाठी बांधला, तो कोठे निघाला आहे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. शेवटच्या वाक्यात एका शास्त्रज्ञाला झोपेतून जागे होता होता एवढेच उमगते की रामाचे निर्माते प्रत्येक गोष्ट तीन-तीनदा करतात.

हे वाक्य आपल्याला अगदी शेवटच्या हातात सुचले आणि ते लिहिताना पुढच्या भागाचा विचारही मनात नव्हता, असे क्लार्क यांनीच नंतर सांगितले आहे. तरीही पुढचे भाग आले. १९८९, १९९१ आणि १९९३ या वर्षांत जेंट्री ली या अंतराळ-अभियंत्याबरोबर त्यांनी आणखी तीन कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांत रामा कशासाठी फिरतो याचा उलगडा केला. मी त्या तिन्ही वाचल्या आहेत. त्यांतील पात्रे पहिल्या पुस्तकातल्या पात्रांपेक्षा अधिक ठसठशीत आहेत हे मी मान्य करते. परंतु तिसरे पुस्तक मिटल्यावर मला जे वाटले ते हे, की माझ्याकडून काहीतरी काढून घेतले गेले आहे. पहिल्या पुस्तकातला तो अंधार आता मला पूर्वीसारखा दिसत नाही, कारण त्याच्या पलीकडे काय आहे ते मला ठाऊक झाले आहे, आणि जे ठाऊक झाले ते त्या अंधाराच्या मानाने लहान आहे.

यातून माझ्यापुरता एक भेद मी केला आहे, तो तपासून घेण्यासाठी हा धागा. शेवट खुला असणे आणि शेवट अपुरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपुऱ्या शेवटाच्या पुस्तकात प्रश्नच अजून पुरता विचारून झालेला नसतो. खुल्या शेवटाच्या पुस्तकात प्रश्न पूर्णपणे विचारून झालेला असतो, आणि त्याचे उत्तर देणे हे त्या पुस्तकाने आपले काम मानलेले नसते. रामाचा प्रश्न असा आहे: विश्वात दुसरे कोणी असेल आणि त्याला आपल्याशी काही कर्तव्यच नसेल, तर आपण काय करू? हा प्रश्न पहिल्या पुस्तकात शेवटच्या पानापर्यंत संपूर्ण विचारला गेला आहे. रामा कोणी बांधला हा प्रश्न त्या पुस्तकातल्या माणसांचा आहे, पुस्तकाचा नाही.

हा भेद विज्ञानकादंबरीत अधिक महत्त्वाचा ठरतो, असे मला वाटते. रहस्यकथेत दडवलेली गोष्ट माणसानेच केलेली असते, त्यामुळे ती उघड झाली तरी माणसाच्या मापाचीच राहते. विज्ञानकादंबरीत पुष्कळदा जे अज्ञात असते ते मुळातच माणसाच्या मापाबाहेरचे असते. स्तानिस्लाव लेम यांच्या 'सोलारिस'मधला, परग्रहाला व्यापणारा जिवंत महासागर १९६१ पासून आजवर वाचकांना अस्वस्थ करतो, कारण त्याचा अभ्यास करायला गेलेला केल्विन शेवटी त्याच्या काठावर जातो, हात पुढे करतो, आणि तरी काहीच कळत नाही. लेम यांनी त्याचा पुढचा भाग लिहिला नाही. तो लिहिला गेला असता तर त्या महासागराला काहीतरी हेतू द्यावा लागला असता, आणि हेतू दिला की तो आपल्यासारखाच एक झाला असता.

तेव्हा माझा प्रश्न असा: एखाद्या खुल्या शेवटाला पुढच्या भागाने खरोखर समृद्ध केले आहे, असे उदाहरण आहे का? केवळ चांगला पुढचा भाग मला नको आहे. ज्याच्यामुळे पहिले पुस्तक पुन्हा वाचताना अधिक मोठे वाटते, असा हवा आहे.

पाणबुड्या

उदाहरण आहे, आणि ते तुमच्या सगळ्या उदाहरणांपेक्षा जुने आहे.

ज्यूल व्हर्न यांच्या 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी'चा (१८७०) शेवट आठवून पाहा. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळच्या महाभोवऱ्यात कॅप्टन निमोची पाणबुडी नॉटिलस सापडते, प्राध्यापक आरोनाक्स आणि त्याचे दोन साथीदार कसेबसे वाचतात, आणि निमोचे काय झाले हे कोणालाच कळत नाही. तो जिवंत आहे का, त्याचे खरे नाव काय, त्याचा देश कोणता, हे प्रश्न आरोनाक्स शेवटच्या पानावर मोठ्याने विचारतो आणि पुस्तक संपते. तुमच्या व्याख्येप्रमाणे हा खुला शेवट आहे, कारण ज्याने जगाशी नाते तोडले आहे अशा माणसाचा न्याय आपण कसा करावा, हा प्रश्न तेथे पुरता विचारून झालेला आहे.

पाच वर्षांनी पूर्ण झालेल्या 'द मिस्टीरियस आयलंड'मध्ये व्हर्न यांनी उत्तर दिले. निमो म्हणजे बुंदेलखंडातल्या एका राजाचा मुलगा, राजपुत्र डक्कार, टिपू सुलतानाचा भाचा, युरोपात शिकलेला, १८५७ च्या उठावात लढलेला आणि त्यात आपली माणसे गमावलेला. हे कळल्यानंतर मी पहिले पुस्तक पुन्हा वाचले, आणि एक प्रसंग माझ्यासाठी कायमचा बदलला. सिलोनजवळच्या समुद्रात एका गरीब मोतीवाल्या पाणबुड्यावर शार्क धावून येतो, तेव्हा निमो स्वतः सुरी घेऊन त्याच्यावर तुटून पडतो आणि नंतर त्या माणसाच्या हातात मोत्यांची पिशवी ठेवतो. तो माणूस पीडितांच्या देशाचा आहे आणि आपण अजूनही त्याच देशाचे आहोत, असे निमो आरोनाक्सला सांगतो. पहिल्या वाचनात हे वाक्य मला निव्वळ औदार्याचे वाटले होते. दुसऱ्या वाचनात ते त्याने स्वतःविषयी दिलेले एकमेव कबुलीचे वाक्य ठरले.

हे उत्तर व्हर्न यांच्या मनात सुरुवातीपासून होते असेही नाही. मूळ कल्पनेत निमो रशियाविरुद्ध लढलेला पोलिश सरदार होता, आणि प्रकाशक एत्झेल यांनी रशियातल्या विक्रीच्या काळजीने त्याला हरकत घेतली. देश न सांगणे हा त्या वादावरचा तोडगा होता. म्हणजे तो शेवट एका अर्थी नाइलाजाने खुला राहिला आणि पुढच्या भागाने त्याला जे उत्तर दिले ते लेखकाच्या पहिल्या उत्तरापेक्षा वेगळे निघाले. दोन्ही पुस्तकांतल्या तारखा एकमेकींशी जुळत नाहीत. आरोनाक्सचा प्रवास १८६७ मध्ये सुरू होतो, आणि 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये त्याच दशकात निमो एका बेटाखाली एकटा म्हातारा झालेला सापडतो. मला या विसंगतीचा काडीचाही त्रास होत नाही. निमोला नाव मिळाले आणि तो लहान झाला नाही, तर उलट त्याच्या रागाला इतिहास मिळाला.

दूरस्थ

पाणबुड्या, हे उदाहरण मला सुचायला हवे होते. मोतीवाल्याचा प्रसंग तुम्ही ज्या प्रकारे वाचला आहे तो मी उद्याच पुन्हा काढून वाचणार आहे.

तरी एक फरक नोंदवते. निमो माणूस आहे. त्याच्याविषयीचे रहस्य माणसाच्या मापाचेच होते, त्यामुळे उत्तराने ते लहान होण्याचा धोका मुळातच कमी होता. माझा आक्षेप परक्या, अमानवी गोष्टींच्या उलगड्याला अधिक आहे.

लंबक

व्याख्येविषयी एक शंका. डॅन सिमन्स यांच्या 'हायपेरियन'चा (१९८९) शेवट तुम्ही कोठे बसवाल? सात यात्रेकरूंपैकी सहा जण आपापल्या कथा सांगतात आणि अखेरीस सगळे हातात हात घालून कालथडग्यांच्या दिशेने गाणे म्हणत चालू लागतात. तेथे पुस्तक संपते. पुढे काय झाले हे पुढच्याच वर्षी आलेल्या 'द फॉल ऑफ हायपेरियन'मध्ये आहे. काही जण त्या शेवटाला फसवणूक म्हणतात. मला मात्र तो संपूर्ण वाटला, आणि दुसरा भाग न वाचताही मी त्या पुस्तकावर कित्येक महिने विचार करत राहिलो. प्रश्न विचारून पुरा झाला आहे की नाही हे ठरवणार कोण, लेखक की वाचक?

दूरस्थ

पुस्तक ठरवते, असे म्हणावेसे वाटते, पण ते उत्तर टाळल्यासारखे होईल. मी एक कसोटी वापरते: शेवटच्या पानावर पात्राने एखादी निवड केलेली आहे का? केली असेल तर शेवट खुला, आणि निवड व्हायचीच राहिली असेल तर अपुरा.

स्त्रुगात्स्की बंधूंच्या 'रोडसाइड पिकनिक'मध्ये (१९७२) रेडरिक सोनेरी गोलापर्यंत पोहोचतो. तो गोल माणसाची मनापासूनची इच्छा पुरी करतो असे म्हणतात. तेथवर येण्यासाठी त्याने एका कोवळ्या मुलाचा जीव दिलेला आहे. आता मागायची वेळ येते तेव्हा त्याच्या लक्षात येते की आपल्याकडे स्वतःचे असे एकही वाक्य नाही, आयुष्यभर विचार करायला कोणी शिकवलेच नाही, आणि तो त्या मेलेल्या मुलाचेच शब्द उच्चारतो: सगळ्यांना सुख मिळो, फुकट मिळो, कोणीही रित्या हाताने जाऊ नये. गोलाने काय केले हे आपल्याला कळत नाही. पण रेडरिकने काय केले हे पूर्ण कळते, आणि पुस्तक रेडरिकचे आहे. या शेवटापुढे आणखी एक ओळ लिहिण्याची कल्पनाही मला सहन होत नाही.

हायपेरियनचे यात्रेकरू चालू लागतात, ही निवड आहे. त्यामुळे लंबक, माझ्याच कसोटीने तुमचे म्हणणे मला मान्य करावे लागते.

वाळूघड्याळ

चर्चा एका गृहीतकावर उभी आहे: शेवट खुला असतो आणि पुढचा भाग तो बंद करतो. याच्या अगदी उलट घडलेले एक मोठे उदाहरण आपल्यासमोर आहे, आणि त्याच्याकडे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये असे मला वाटते.

फ्रँक हर्बर्ट यांची 'ड्यून' (१९६५) खुल्या शेवटाची कादंबरी नाही. पॉल सूड घेतो, सम्राटाला नमवतो, सिंहासन मिळवतो. राजपुत्राच्या कथेत जे जे व्हायचे ते सगळे होते आणि वाचक समाधानाने पुस्तक मिटतो. पण त्या समाधानाच्या खाली एक गोष्ट न मिटलेली राहते. आपल्या नावाने विश्वभर धर्मयुद्ध पेटणार आहे हे पॉलला पुस्तकभर दिसत असते आणि ते टाळण्याची धडपड तो करत असतो. अखेरच्या द्वंद्वाच्या वेळी त्याला कळून चुकते की आता आपण मेलो तरी ते टळणार नाही. ही ओळ तेथे स्पष्ट लिहिलेली आहे. विजयाच्या गजरात बहुतेकांनी ती वाचली आणि विसरून गेले. मीही विसरलो होतो.

१९६९ मध्ये 'ड्यून मसीहा' आली. पहिल्या पुस्तकाच्या निम्म्यापेक्षाही लहान असलेल्या या कादंबरीत पॉल सम्राट होऊन बारा वर्षे झाली आहेत, आणि आपल्या नावाने मारल्या गेलेल्यांची संख्या तो स्वतः मोजून सांगतो: एकसष्ट अब्ज. ज्या संपादकाने पहिली कादंबरी आपल्या मासिकात क्रमशः छापली होती त्या जॉन कॅम्पबेल यांनी ही कादंबरी नाकारली, आणि ती दुसऱ्या मासिकात छापली गेली. वीराचा विजय छापायला हवा आणि त्या विजयाची किंमत छापायला नको, हा वाचकांच्याही मनातला कल होता, असे मी समजतो. परंतु दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांतले काही अंश पहिला भाग पूर्ण होण्याआधीच लिहून झाले होते, असे हर्बर्ट यांनी पुढे सांगितले आहे. म्हणजे हा पुढचा भाग लोकप्रियतेचा फायदा घेण्यासाठी नंतर जोडलेला नव्हता. बंद वाटणारा शेवट मुळातच बंद नव्हता, एवढेच तो दाखवत होता.

दूरस्थ यांच्या शब्दांत सांगायचे तर पहिल्या पुस्तकात प्रश्न विचारून झालेला होता, पण आम्ही तो ऐकला नव्हता. अशा वेळी पुढचा भाग उत्तर देत नाही, तर तोच प्रश्न मोठ्या आवाजात पुन्हा विचारतो. पुढच्या भागांच्या कामाविषयी बोलताना हे काम आपण विसरू नये.

मालिकेचा शेवट मात्र दुःखद आहे. सहावे पुस्तक 'चॅप्टरहाउस: ड्यून' १९८५ मध्ये आले, त्यात एक जहाज ज्ञात विश्वाबाहेर निघून जाते, आणि १९८६ च्या फेब्रुवारीत हर्बर्ट वारले. त्यांचा मुलगा ब्रायन आणि केव्हिन अँडरसन यांनी मागे राहिलेल्या आराखड्याच्या आधारे २००६ आणि २००७ मध्ये दोन कादंबऱ्या लिहून मालिका पूर्ण केली. त्या वाचाव्यात की नाही यावर मी कोणाला सल्ला देणार नाही. माझ्यासाठी ते जहाज अजूनही प्रवासात आहे.

रिकामे पान

मृत्यूमुळे खुले राहिलेले शेवट हा वेगळाच प्रकार आहे, आणि त्यांच्याविषयी लिहिताना हात थोडा थबकतो.

ऑक्टेव्हिया बटलर यांच्या 'पॅरेबल ऑफ द सोअर' (१९९३) आणि 'पॅरेबल ऑफ द टॅलंट्स' (१९९८) यांनंतर 'पॅरेबल ऑफ द ट्रिक्स्टर' येणार होती. लॉरेन ओलामिना हिने कोसळत्या जगात एक नवा विचार रुजवला, आणि माणसाने ताऱ्यांमध्ये मूळ धरावे हे त्या विचाराचे ध्येय होते. दुसऱ्या पुस्तकाच्या अखेरीस म्हातारी लॉरेन पहिली माणसे निघताना पाहते. तिसऱ्या पुस्तकात ती माणसे दुसऱ्या ग्रहावर कशी जगतात हे यायचे होते. बटलर यांनी त्याची सुरुवात पुन्हा पुन्हा केली आणि प्रत्येक वेळी ती सोडून दिली. २००६ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या कागदपत्रांत अशा अनेक अर्धवट सुरुवाती आहेत.

मला त्या अर्धवट सुरुवातींतच काही दिसते. ज्या लेखिकेने एवढ्या कठोरपणे हे जग पाहिले, तिला दुसऱ्या ग्रहावरचे जग खोटे न पडता लिहिणे सोपे वाटले नाही. ध्येय गाठण्याची गोष्ट सांगणे तिला शक्य होते, पण ध्येय गाठल्यानंतरच्या सकाळची गोष्ट तिच्याकडून लिहून होत नव्हती. दूरस्थ, तुमच्या कसोटीत हे कोठे बसेल हे मला ठाऊक नाही. प्रश्न विचारण्याचा प्रयत्न चालू असतानाच आवाज थांबला.

कक्षा

विज्ञानकादंबरीच्या पुढच्या भागांवर एक दबाव असा असतो जो इतर कादंबऱ्यांवर नसतो, तो म्हणजे स्वतः विज्ञानाचा. त्याचा उल्लेख अजून आलेला नाही.

'२००१: अ स्पेस ओडिसी' या १९६८ च्या कादंबरीत डिस्कव्हरी यान शनीकडे, त्याच्या आयापीटस या उपग्रहाकडे जाते. चित्रपटात मात्र ते गुरूपाशी थांबते. क्लार्क यांनी १९८२ मध्ये '२०१०: ओडिसी टू' लिहिली तेव्हा त्यांनी स्वतःची कादंबरी बाजूला ठेवून चित्रपटाचा गुरू स्वीकारला. मधल्या काळात, १९७९ मध्ये, दोन्ही व्हॉयेजर याने गुरूजवळून गेली होती. गुरूच्या आयो या उपग्रहावरचे जिवंत ज्वालामुखी आणि युरोपा या उपग्रहावरचे तडे गेलेले बर्फ यांची छायाचित्रे आली होती. ज्या लेखकाने आयुष्यभर या जगांची कल्पना केली होती, त्याला ती प्रत्यक्ष दिसल्यावर गप्प बसणे कसे शक्य होते? तिसऱ्या भागासाठी ते गॅलिलिओ यानाच्या निरीक्षणांची वाट पाहणार होते, पण १९८६ च्या चॅलेंजर दुर्घटनेमुळे ती मोहीम लांबली, आणि मग त्यांनी हॅलेचा धूमकेतू घेऊन '२०६१' लिहिली. प्रत्येक भाग हा थोड्या निराळ्या विश्वात घडतो, सरळ सलग मालिका म्हणून त्यांच्याकडे पाहू नये, अशी त्यांची भूमिका होती.

मला ही भूमिका फार प्रामाणिक वाटते. आधीच्या पुस्तकातले विज्ञान खोटे ठरले असताना कथानकाची सुसंगती राखण्यासाठी ते खरे असल्याचे भासवत राहण्यापेक्षा, विश्वच बदलले असे म्हणणे अधिक चांगले. त्यामुळे १९६८ च्या कादंबरीच्या शेवटी माणसाचा जो ताराबालक होतो, तो जसा होता तसाच राहतो. '२०१०'ने त्याला स्पर्श केला तरी तो दुसऱ्या विश्वातला स्पर्श आहे, असे मी मानू शकतो. रामाच्या बाबतीत ही मोकळीक वाचकाला मिळत नाही, कारण ते पुढचे भाग सलगतेचा दावा करतात. कदाचित दूरस्थ यांचे दुःख तेथे असावे.

याच संदर्भात आयझॅक असिमोव यांचाही उल्लेख करतो. १९४२ ते १९५० या काळात मासिकात आलेल्या फाउंडेशनच्या कथांमध्ये, कोसळत्या साम्राज्यानंतर नवे साम्राज्य उभारण्याची हॅरी सेल्डन या गणितज्ञाची योजना एक हजार वर्षांची आहे. तीस वर्षांनी, प्रकाशकाच्या आग्रहावरून, त्यांनी १९८२ मध्ये चौथा भाग लिहिला आणि १९८६ मध्ये पाचवा. त्या पाचव्याच्या अखेरीस गोष्ट हजारापैकी जेमतेम पाचशे वर्षांपर्यंत पोहोचते आणि एका मुलाच्या न वाचता येणाऱ्या नजरेवर थांबते. त्यानंतरचे दोन भाग त्यांनी मागे, सेल्डनच्या तारुण्यात नेले. पुढे जाण्याऐवजी मागे जाणे हीसुद्धा शेवट खुला ठेवण्याची एक रीत झाली, आणि ती कथेपुढच्या अडचणीतून आली असावी, असे माझे मत आहे. ज्या योजनेवरचा विश्वास लेखकानेच चौथ्या-पाचव्या भागात डळमळीत केला, ती योजना पूर्ण झालेली दाखवायची तरी कशी?

लंबक

वाचकांनीच लिहिलेल्या पुढच्या भागांविषयी कोणी बोललेले नाही. लिऊ त्सिशिन यांच्या 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम'पासून सुरू होणाऱ्या त्रिखंडाचा अखेरचा भाग २०१० मध्ये आला. त्यात युन त्यानमिंग या पात्राचा मेंदू पृथ्वीवर चालून येणाऱ्या परग्रहवासी शत्रूच्या ताफ्याच्या दिशेने पाठवला जातो, आणि तिकडे त्याच्यावर काय गुदरले हे जवळजवळ काहीच सांगितलेले नाही. बाओशू या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका चाहत्याला ती पोकळी सहन झाली नाही. त्याने पुस्तक येताच काही आठवड्यांत तिच्यावर आख्खी कादंबरी लिहून आंतरजालावर टाकली, आणि मूळ लेखकाच्या परवानगीने ती पुढे पुस्तकरूपातही आली. एच. जी. वेल्स यांच्या 'द टाइम मशीन'मधल्या कालप्रवाशाची गोष्टही तशीच आहे. तो १८९५ मध्ये दुसऱ्यांदा निघून गेला, निवेदक तीन वर्षे वाट पाहत राहिला, आणि शंभर वर्षांनी स्टीफन बॅक्स्टर यांनी वेल्स यांच्या वारसांच्या संमतीने 'द टाइम शिप्स' लिहून त्याच्या दुसऱ्या प्रवासाची हकीकत सांगितली.

हे मला मूळ लेखकाने लिहिलेल्या पुढच्या भागापेक्षा कमी त्रासदायक वाटते. लेखकाने उत्तर दिले की तेच एक उत्तर उरते. वाचकाने दिलेले उत्तर अनेकांपैकी एक असते, आणि मूळ पुस्तकाचे दार तसेच उघडे राहते.

पाणबुड्या

लंबक यांच्याशी सहमत. आपल्या भाषेतलेही एक कुतूहल येथे नोंदवतो. जयंत नारळीकर यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीचे मराठी नावच शेवटाविषयी ग्वाही देते, आणि तीच कादंबरी इंग्रजीत मात्र 'द रिटर्न ऑफ वामन' या नावाने आली. एक नाव दार लावून घेते, दुसरे किलकिले ठेवते. दोन्ही मुखपृष्ठे शेजारी ठेवली की माझे मन प्रत्येक वेळी मराठी नावाकडे वळते, कारण त्यातल्या निश्चिततेत एक भीती आहे, जी इंग्रजी नावात नाही.

दूरस्थ

गेल्या काही दिवसांत मी 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज'मधला तो प्रसंग वाचला, 'ड्यून'चे शेवटचे प्रकरण वाचले, आणि माझ्या मूळ मांडणीतला एक भाग मी मागे घेते आहे. पुढचा भाग म्हणजे उत्तर, असे मी गृहीत धरले होते. वाळूघड्याळ यांनी दाखवून दिले की तो तोच प्रश्न पुन्हा विचारू शकतो. मला स्वतःला त्यात एका उदाहरणाची भर घालायची आहे.

मार्गारेट अ‍ॅटवुड यांच्या 'द हँडमेड्स टेल'च्या (१९८५) अखेरीस, सत्ताधाऱ्यांसाठी मुले जन्माला घालायला दासी केलेली ऑफ्रेड एका गाडीत चढते आणि ती गाडी तिला सुटकेकडे नेते आहे की मरणाकडे, हे तिलाही ठाऊक नसते. त्यानंतरच्या परिशिष्टात, २१९५ सालच्या एका परिषदेत, एक प्राध्यापक तिच्या ध्वनिफितींविषयी व्याख्यान देतो आणि तिचे पुढे काय झाले ते कळत नाही असे शांतपणे सांगतो. श्रोते मधूनमधून हसतातही. मला ते हसणे गाडीच्या अंधारापेक्षा अधिक भयंकर वाटते, कारण एका बाईचे सगळे भोगणे तेथे अभ्यासाचा विषय होऊन राहिले आहे. ३४ वर्षांनी, २०१९ मध्ये, 'द टेस्टामेंट्स' आली. लेखिकेला त्या गाडीचे दार उघडून दाखवता आले असते आणि लाखो वाचकांची तीच मागणी होती. तिने ते केले नाही. कथा पंधरा वर्षे पुढे नेली आणि निवेदन तिघींकडे दिले: दोन तरुण मुली आणि पहिल्या पुस्तकात जिची केवळ दहशत वाटते ती आंट लिडिया. ऑफ्रेड जवळपास पडद्याआडच राहते. तिच्या नशिबाविषयी काही अंदाज बांधता येतात, पण त्या गाडीतल्या क्षणाला कोणी हात लावत नाही.

मात्र आंट लिडियाच्या निवेदनाने माझ्याकडून एक गोष्ट घेतली, हेही सांगायला हवे. पहिल्या पुस्तकात तिच्या मनात काय चालते हे न कळणे हाच तिच्या भयाचा गाभा होता. आता मला तिची कारणे ठाऊक आहेत, तिची गणिते ठाऊक आहेत, आणि मी तिला समजून घेऊ लागले आहे. हा तोटा आहे की लाभ, हे मला अजून ठरवता आलेले नाही. अमानवी गोष्टीला हेतू दिल्याने ती लहान होते असे मी सुरुवातीला म्हटले होते, पण येथे माणसालाच हेतू दिला गेला आणि तरी माझ्या वाचनात तेच झाले. पाणबुड्या, तुमच्या निमोला नाव मिळून तो मोठा झाला आणि माझी आंट लिडिया आवाज मिळून कमी भयंकर झाली. या दोन्हींतला फरक केवळ माणूस आणि अमानवी एवढ्याने सुटत नाही, म्हणजे मी वर केलेला तो भेदही अपुरा आहे.

पाणबुड्या

दूरस्थ, निमोचे नाव आपल्याला कळते तेव्हा तो मरणशय्येवर आहे. आपली गोष्ट तो बेटावरच्या माणसांपुढे सांगतो, आपण केले ते बरोबर होते का असे त्यांना विचारतो, आणि त्यांचा नायक सायरस स्मिथ त्याला मान देऊनही निर्विवाद होकार देत नाही. त्याची बाजू कळते, पण निवाडा होत नाही. आंट लिडिया आपली बाजू थेट भविष्यातल्या वाचकाला लिहून सांगते, तेथे तिला उलट विचारणारे समोर कोणी नसते. मला वाटते, निमो लहान न होण्याचे कारण हेच असावे.

दूरस्थ

हे मला पटते. 'मिस्टीरियस आयलंड'मधली ती शेवटची प्रकरणे या दृष्टीने वाचून पुन्हा येथे लिहीन.